नोंद नाही, म्हणजे माणूस नव्हता का? : शेतकरी पूर्वजाचा दप्तरातला शोध

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "सर, प्रमाणशास्त्राचा संसारात काही उपयोग आहे का हो?" तेव्हा वेळ संपत आली होती, म्हणून हसून सोडून दिलं. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे, पण ग्रंथातून नाही, तलाठ्याच्या दप्तरातून.

आम्ही दोघे भाऊ गेली काही वर्षं आमच्या पणजोबांच्या कुटुंबाचा माग काढतो आहोत. पणजोबा कोरडवाहू शेतकरी. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं असेल ही शक्यताच नाही. अशा माणसाबद्दल जे काही लिहिलं गेलं ते सरकारने लिहिलं, आणि सरकारने ते आपल्या गरजेपोटी लिहिलं. ही गोष्ट आधी मनात पक्की बसवायला हवी. प्रत्येक दप्तरामागे एक प्रश्न असतो. सातबारा विचारतो, सारा कोण भरणार? कोतवाल बुक विचारतं, गावात कोण जन्मलं, कोण मेलं? जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर त्या कागदात सापडत नाही.

सुरुवात सातबाऱ्यापासूनच करायची. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढला की जमीन आधी कोणाच्या नावावर होती ते कळतं. त्यातून आणखी मागचा नंबर. असं एकेक पायरी उतरत जायचं. मध्ये बहुतेकांची एक अडचण होते. जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मागावा लागतो. तो न घेताच पुष्कळ लोक मागे जातात आणि भलत्याच्याच रानात शिरतात. आम्हीही शिरलो होतो, दोन महिने!

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला १९०३ साली, आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. त्यामुळे फेरफाराची साखळी त्याच्या मागे जात नाही. त्याआधीचं हवं तर पाहणी-मोजणीची पत्रकं बघायची. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पाहणी सुरू केली, तीच पद्धत पुढे इलाखाभर गेली. हे कागद बहुतेक मोडीत आहेत. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना निजामाचं दप्तर बघावं लागेल. तिथे उर्दू येते आणि फसली सन येतो. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. शकात ७८ मिळवायचे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

नावं वाचताना तीन-चार शब्द सांभाळायचे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद'चाही अर्थ तोच. 'कोम' किंवा 'मर्द' आलं की समजायचं, पुढचं नाव नवऱ्याचं आहे. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस सज्ञान नसला की त्याच्या पालकाचं नाव असं लावतात.

आता आमच्या घरची गोष्ट. पणजोबा वारले ऑक्टोबर १९१८ मध्ये. कोतवाल बुकात, म्हणजे जुन्या गाव नमुना १४ मध्ये, कारणाच्या रकान्यात फक्त 'ताप' लिहिलं आहे. त्याच पानावर 'ताप' हा शब्द वरपासून खालपर्यंत आहे. हीच ती इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई इलाख्यात तिने लाखो माणसं नेली. पुढच्या वर्षीच्या वारस फेरफारात दोन अज्ञान मुलगे आहेत आणि त्यांच्यापुढे 'अ.पा.क. आई' म्हणून आमच्या पणजीचं नाव. ते नाव आमच्या घरात आज हयात असलेल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. सगळे तिला 'थोरली आई' म्हणत. विचार करा, पणजोबा म्हातारे होऊन गेले असते तर ही बाई दप्तरात कधी आलीच नसती. वैधव्य आलं आणि मुलं लहान होती, म्हणून सरकारला तिचं नाव विचारावं लागलं.

मग आम्ही कोतवाल बुकात जन्म शोधले. पणजोबांच्या नावापुढे तीन नोंदी मिळाल्या. १९०३ मुलगा, १९०६ मुलगी, १९१० मुलगा. बाळाचं नाव कुठेच नाही, बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. दोन मुलगे म्हणजे आमचे आजोबा आणि धाकटे आजोबा. पण मुलगी? घरात आजोबांच्या बहिणीचा उल्लेख कधी कोणी केला नव्हता. चुलत भाऊ म्हणाला, "अरे, ती लहानपणीच गेली असणार. नाहीतर फेरफारात आली नसती का?"

इथे आम्हाला कुमारिल भट्ट आठवले. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, त्यावरून घडा नाही हे कळतं. पण त्याला अट आहे. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आता आमच्या चुलत भावाचं अनुमान तपासा. १९१९ च्या फेरफारात मुलगी नाही. पण ती धडधाकट जिवंत असती तरी तिथे आली असती का? नाही. भाऊ असताना तेव्हाच्या हिंदू कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटाच नव्हता, मग तिचं नाव कोण घालणार? म्हणजे फेरफार ही अंधारी खोली आहे. तिथे न दिसणं हा मृत्यूचा पुरावा नाही.

मृत्यूचा पुरावा शोधायचा तर कोतवाल बुकाच्या मृत्यूच्या बाजूला. तिथे मात्र ती असती तर दिसायला हवी. आम्ही १९०६ ते १९२० सगळी पानं बघितली. पणजोबांची मुलगी वारल्याची नोंद नाही. पण मधल्या दोन वर्षांची पानं वाळवीने खाल्ली आहेत, आणि लहान मुलांचे मृत्यू कोतवालाच्या कानावर न जाण्याचा संभवही धरला पाहिजे. तेव्हा खोलीत दिवा आहे, पण मिणमिणता. निष्कर्ष इतकाच की ती जगली असावी आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली असावी. 'असावी' हा शब्द आम्ही जपून वापरतो आहोत.

कोणी म्हणेल, हे उकरून काढून करायचं काय? वाटा मागायला कोणी येईल ही भीती भावकीत आहेच, आणि ती आमच्या तोंडावर बोलूनही दाखवली गेली. आम्हाला त्यात अडकायचं नाही. एका मुलीच्या जन्माची नोंद सरकारने ठेवली आणि घराने ठेवली नाही, एवढं आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

सासरचं गाव कागदात मिळेना, तेव्हा आम्ही गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं. हे आम्ही सगळ्यात आधी करायला हवं होतं! नव्वदीच्या एका आजींना आठवलं की बहात्तरच्या दुष्काळाआधीपर्यंत जत्रेला नदीपलीकडून एक बैलगाडी आमच्या वाड्यासमोर सुटायची, आणि त्यातून उतरणाऱ्या बाईला थोरली आई चोळी द्यायची. गावाचं नाव त्यांना सांगता येईना. नदीपलीकडे जत्रेच्या वाटेवर तीन गावं आहेत. दोन गावांची दप्तरं आम्ही पाहिली, तिथे काही नाही. तिसऱ्या गावचं दप्तर मोडीत आहे. मोडी वाचणारे एक स्नेही दिवाळीनंतर मोकळे होतील, तेव्हा त्यांच्यासोबत बसायचं ठरलं आहे.