बॅकअपमध्ये व्हायरस सापडला, म्हणजे नेमके काय सापडले?

“बॅकअप स्कॅन केला, अकरा थ्रेट दाखवतोय. सगळा उडवू का?”

कॉम्प्युटरमधले थोडेफार कळते अशी ख्याती झालेल्या माणसाला असे फोन येतात, आणि ते नेमके रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात येतात. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो आणि त्याचे बोट डिलीटच्या बटणावर असते. अशा वेळी पहिले उत्तर एकच असते: बोट उचला. बाकीचे मग निवांत बोलू.

पूर्वी बॅकअप म्हणजे नुसती प्रत घेऊन ठेवणे होते. आता बऱ्याच बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या प्रती तपासायचीही सोय असते. लाल-हिरव्या खुणांचा अहवाल हातात पडतो, पण तो वाचायचा कसा हे कोणी सांगत नाही. मग जो तो आपापल्या परीने अर्थ लावतो.

“सापडला ना? मग तो बॅकअप बाद”

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. बॅकअप हा त्या दिवशीच्या कॉम्प्युटरचा फोटो असतो. चोराचा फोटो घरात आहे म्हणून चोरी होत नाही, पण चोर त्या तारखेला घरात होता एवढे त्यावरून कळते. बॅकअप सॉफ्टवेअरने बांधून ठेवलेली मालवेअरची फाइल आपणहून चालू होत नाही. ती परत आणली आणि चालवली गेली तरच धोका. (साध्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर फोल्डर नुसते कॉपी केले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे डबल-क्लिक केले की काम तमाम. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हवरचा ‘शॉर्टकट व्हायरस’ अनेकांना आठवत असेल.)

म्हणून अहवालातला सगळ्यांत मोलाचा रकाना व्हायरसच्या नावाचा नव्हे, तारखेचा. ती फाइल पहिल्यांदा कोणत्या दिवशीच्या प्रतीत दिसते? महिन्याभराच्या तीस प्रती असतील तर सगळ्या चाळत बसायची गरज नाही. पंधराव्या दिवसाची पाहा. तिथे असेल तर सातव्या-आठव्याची, नसेल तर बाविसाव्याची. चार-पाच खेपांत घुसखोरीचा दिवस हाती लागतो. घाईने प्रती उडवल्या तर हा पुरावाच जातो.

यात एक घात दडलेला आहे. बहुतेक ठिकाणी जुन्या प्रती ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. मँडियंट या सुरक्षा कंपनीच्या वार्षिक अहवालांनुसार घुसखोर आत शिरल्यापासून तो लक्षात येईपर्यंतचा मध्यक काळ २०११ मध्ये ४१६ दिवस होता, तो २०२३ मध्ये १० दिवसांवर आला. सुधारणा मोठीच. पण तुमच्याकडे सातच दिवसांच्या प्रती राहत असतील, तर चोर सापडेपर्यंत तो येण्याआधीची प्रत पुसली गेलेली असण्याची शक्यताच जास्त. लाल खूण दिसली की पहिले काम म्हणजे हे आपोआप पुसणे थांबवायचे. स्कॅनचा अहवाल वाचण्यात चार दिवस गेले तर चार जुन्या प्रती गेल्या, असा हा हिशेब आहे.

कंपन्यांना कायद्याचीही बाजू आहे. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ती कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ पासून आहे. “व्हायरस होता म्हणून सगळे पुसले” हे ऑडिटरला सांगायला अवघड वाक्य आहे.

“मग तेवढी एक फाइल काढून टाकू”

तांदळाच्या डब्यात सोंडे दिसले तर आपण तांदूळ फेकत नाही, चाळतो. तसेच इथे करावे असे वाटणे साहजिक आहे, पण बॅकअपच्या डब्यात चाळणी जात नाही. रोजच्या प्रती सहसा पूर्ण नसतात. एक पूर्ण प्रत आणि तिच्यावर रोजच्या बदलांचे थर, अशी ती साखळी असते. त्यात जागा वाचवण्यासाठी सारखे तुकडे एकदाच साठवलेले असतात, म्हणजे एकच तुकडा दहा दिवसांच्या प्रतींना पुरतो. मधल्याच एका फाइलवर कुऱ्हाड चालवली तर पुढची साखळी वाचता येईलच याची खात्री नाही. शिवाय ठरलेल्या मुदतीपर्यंत बदलताच न येणारे बॅकअप हल्ली मुद्दाम घेतले जातात, आणि ते योग्यच आहे. त्यात हल्लेखोराला ढवळाढवळ करता येत नाही, तशी तुम्हालाही नाही.

त्यामुळे सफाई बॅकअपमध्ये करायची नसते, परत आणताना करायची असते. नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या मशीनवर प्रत उतरवायची, तिथे स्कॅन करायचे, हवे ते उचलायचे. उचलतानाही भेद करावा. हिशेबाचा डेटा, पत्रे, फोटो जमेल तेवढ्या अलीकडच्या प्रतीतून घ्यावेत. विंडोज आणि प्रोग्रॅम मात्र बॅकअपमधून न आणता मूळ ठिकाणाहून नव्याने टाकावेत. चोराला लपायला जागा तिथे जास्त असते.

ईमेलच्या बाबतीत तर विशेष जपावे. थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये ठेवतात. त्यातल्या एका पत्राला घातक जोडपत्र असले, तर स्कॅनर त्या पूर्ण फाइलवर बोट ठेवतो. ‘क्वारंटाइन’ दाबले की एका पत्रापायी दहा वर्षांचा पत्रव्यवहार गायब.

“लाल म्हणजे व्हायरसच”

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजचीच फाइल व्हायरस ठरवली आणि बाजूला काढली. जगभर हजारो कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले. औषधाने रोग्याला मारावे तसा प्रकार. आजही असे खोटे इशारे येतात.

म्हणून नाव नीट वाचावे. मायक्रोसॉफ्टच्या अहवालात नावाच्या शेवटी ‘!एमएल’ असेल, तर ती ओळख मशीन लर्निंगच्या अंदाजातून आलेली असते. ‘पीयूए’ म्हणजे नको असलेले, पण घातक असेलच असे नाही, असे सॉफ्टवेअर. ‘ईकार’ दिसले तर हसून सोडून द्यावे: अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी बनवलेली ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे, कोणीतरी कधीतरी चाचणी घेतलेली असते. आणि ‘हॅकटूल’, ‘ऑटोकेएमएस’ अशी नावे दिसली, तर कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने विंडोजचे लायसन्स न घेताच ते ‘ॲक्टिव्हेट’ करून दिले असण्याची शक्यता मोठी. इथे मात्र हसून सोडू नये. असल्या फुकट चाव्यांबरोबर दुसरेही पाहुणे येतात.

फाइल कुठे सापडली हेही पाहावे. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कधीच न उघडलेली फाइल आणि कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यादीतली फाइल, दोन्ही लालच दिसतात. पण पहिली दारावर आलेली, दुसरी घरात राहायला आलेली.

शंका असेल तर व्हायरसटोटलवर टाकून सत्तरएक अँटिव्हायरसांचे मत घेता येते, हे बऱ्याच जणांना माहीत असते. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते, हे माहीत नसते. अशिलाचा ताळेबंद तिथे चढवू नये. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा अंकाक्षरी ठसा, तेवढाच शोधावा. फाइल जागची हलत नाही आणि ती आधी कोणी तपासली असेल तर निकालही कळतो.

“हिरवे आहे, म्हणजे स्वच्छ आहे”

लाल खुणेने निदान माणूस जागा तरी होतो. हिरवी झोपवते.

१५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०१७ या काळात सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घुसवलेला कोड कंपनीच्या अधिकृत डिजिटल सहीसकट वाटला जात होता. सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर तो पोहोचला. त्या ऑगस्टअखेरचा बॅकअप त्याच दिवशी स्कॅन केला असता तर हिरवा निघाला असता आणि तोच ऑक्टोबरमध्ये पुन्हा केला असता तर लाल. बॅकअपमध्ये काहीच बदललेले नसते. स्कॅनरचे ज्ञान वाढलेले असते. म्हणून परत आणण्याआधी, त्या दिवशीच्या ताज्या अपडेटनिशी, पुन्हा स्कॅन करणे भाग आहे. सहा महिन्यांपूर्वीची हिरवी खूण सहा महिन्यांपूर्वीच्या माहितीवर दिलेली असते.

‘तपासली नाही’ आणि ‘स्वच्छ आहे’ यांतही फरक आहे, आणि अहवालात तो दिसेलच असे नाही. पासवर्ड घातलेली झिप फाइल स्कॅनर उघडू शकत नाही. बँकांची स्टेटमेंटे तर पासवर्डसकटच येतात. क्लॅमएव्ही हा फुकट मिळणारा स्कॅनर फार वापरला जातो. आकाराची मर्यादा ओलांडणारी फाइल मुळात आहे त्या सेटिंगवर तो पूर्ण न तपासताच ‘ओके’ म्हणून सोडतो. इशारा हवा असेल तर तो पर्याय आपण चालू करावा लागतो. मोठ्या फाइलींना अशी मोकळीक आहे हे बऱ्याच ठिकाणी ठाऊकच नसते.

त्याहून विचित्र गोष्ट रॅन्समवेअरची. त्याने कुलूप घातलेल्या तुमच्या फाइलींत व्हायरस नसतोच. त्या फक्त वाचता न येणाऱ्या झालेल्या असतात, त्यामुळे स्कॅनर त्यांना बिनदिक्कत हिरवे देतो. वांझोट्या फाइलींचा असा ‘स्वच्छ’ बॅकअप रोज बिनतक्रार घेतला जाऊ शकतो. इथे स्कॅनपेक्षा आकार जास्त बोलतो. कुलूपबंद डेटा दाबून लहान करता येत नाही आणि जुन्या तुकड्यांशी जुळतही नाही, त्यामुळे रोज चार जीबीने वाढणारा बॅकअप एका रात्रीत तीनशे जीबीने फुगतो. तीच घंटा.

चोरलेला पासवर्ड, हल्लेखोराने उघडलेले ॲडमिनचे जादा खाते, रात्री दोनला चालणारे एखादे ठरवून ठेवलेले काम यांपैकी काहीही ‘व्हायरसची फाइल’ नसते. स्वच्छ ठरलेल्या प्रतीबरोबर तेही परत येते.

“जुन्या प्रतीवर गेलो की सुटलो”

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी पसरला. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने त्याआधी १४ मार्चलाच दिला होता. आता समजा, कोणी हल्ल्यानंतर फेब्रुवारीतली प्रत परत आणली. प्रत निष्कलंक, पण फट उघडी. नेटवर्कला जोडली की पुन्हा तेच. म्हणून आधी पॅच, मग नवे पासवर्ड, मग नेटवर्कची वायर. कंपनी असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचाही असतो, म्हणजे स्कॅनच्या अहवालाची मूळ प्रत जपून ठेवायला आणखी एक कारण.

आणि परत जायला जुनी प्रतच उरली नसेल तर? त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा मालवेअर आला. आपल्या न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनल त्याने ठप्प केले, कारण ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची होती. मर्स्कने नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. पण कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, आणि हाच त्यांचा बॅकअप होता. सगळे एकाच झटक्यात पुसले गेले. एकच वाचला, तो घाना देशातल्या कार्यालयातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. तिथले इंटरनेट इतके धिमे की दुरुस्तीचे काम जिथून चालले होते त्या ब्रिटनला शेकडो जीबी पाठवायला दिवस लागले असते, आणि घानातल्या कोणाकडेही ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा एक कर्मचारी ती हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला.