वादळ तोंडावर, जनरेटर पडवीत झोपलेला!

अरबी समुद्रात काहीतरी शिजतंय अशी बातमी आली की कोकणातल्या घराघरांत एकच धांदल उडते. कौलं बघा, होडी वर घ्या, माडाखालची गाडी हलवा, मोबाइल चार्ज करा. आणि मग कुणाला तरी आठवतं, अरे, आपला जनरेटर आहे की! तो असतो पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली. शेवटचा कधी चालवला होता? मागच्या गणपतीत? की त्याच्याही आधीच्या? आणि सगळे वळून बघतात ते तुमच्याकडे. कारण दोर ओढायला घरातलं तरुण माणूसच लागतं.

हा लेख त्या दिवसासाठी आहे. खरं तर, तो दिवस उजाडायच्या आधीसाठी.

वेळ किती असतो हातात?

'निसर्ग' आठवतंय? 2020 मध्ये 1 जूनला समुद्रात डिप्रेशन तयार झालं, 2 जूनला त्याचं चक्रीवादळ झालं आणि 3 जूनच्या दुपारी ते श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर धडकलंसुद्धा. म्हणजे हातात जेमतेम दोन दिवस. नंतर मात्र रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हाही खांब आडवे झालेच.

हवामान खातं चक्रीवादळाचा अलर्ट साधारण 48 तास आधी आणि वॉर्निंग 24 तास आधी देतं. अलर्ट आला की जनरेटरवरचं गोणपाट काढायचं. वॉर्निंगपर्यंत थांबलात, तर बाजारात प्लगही मिळणार नाही आणि मेकॅनिक फोनही उचलणार नाही. वीज गेली की पेट्रोल पंपही बंद, हेही विसरू नका.

दोर ओढण्याआधी

बाहेर काढल्या काढल्या दोर ओढायचा मोह होतो. थांबा. आधी नीट बघा. सायलेन्सरच्या तोंडात, पंख्याच्या जाळीमागे उंदरांनी घर केलंय का? वायरी कुरतडल्यात का? मग टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलला पेट्रोलसारखा वास येत नाही, आंबूस, वॉर्निशसारखा येतो. रंगही गडद झालेला असतो. असं पेट्रोल पूर्ण काढून टाका. वर ताजं ओतून 'मिक्स होईल' म्हणू नका. हल्ली आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणच्या दमट हवेत वर्षभर पडलेल्या टाकीच्या तळाशी काय साचलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग ऑइल. जनरेटर सपाट जागेवर ठेवा आणि गेजपट्टी काढून पाहा. कमी असेल तर भरा. काळं डांबर झालं असेल किंवा चहासारखं दुधाळ दिसत असेल, तर बदला. यात एक गंमत आहे. बऱ्याच जनरेटरमध्ये ऑइल कमी असलं की इंजिन चालूच होऊ न देणारा सेन्सर असतो. लोक दंड भरून येईपर्यंत दोर ओढतात, प्लग बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात आणि दोष असतो फक्त पाव लिटर ऑइलचा! (तुमचं मशीन टू-स्ट्रोक असेल तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, ते प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा.)

एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. हाताला तुकडे येत असतील तर नवा आणा.

टाकी रिकामी आहे तोवरच प्लग तपासा. प्लग काढा, काजळी ब्रशने साफ करा, कॅपमध्ये लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला टेकवा आणि स्विच ऑन करून दुसऱ्याला दोर ओढायला सांगा. हात फक्त रबरी कॅपवर. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा आणि प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा. निळी ठिणगी दिसली तर प्लग ठीक. नाहीच दिसली तर नवा प्लग लावून बघा.

खरा चोर : कार्ब्युरेटर

ठिणगी आहे, ऑइल आहे, ताजं पेट्रोल भरलंय, तरी सुरू होत नाही? मग दहापैकी नऊ वेळा कार्ब्युरेटर चोंदलेला असतो. पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. तो जाऊन बसतो जेटच्या केसाएवढ्या भोकात.

खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्ब्युरेटरच्या खाली वाटी असते, ती बहुतेक वेळा दहा नंबरच्या पान्याने सुटते. खाली ताटली धरा, पेट्रोल सांडेल. वाटीतला गाळ पुसा. मधोमध पितळेचा छोटा स्क्रू दिसेल, तो जेट. काढून उजेडाकडे धरा. आरपार उजेड दिसला पाहिजे. नसेल तर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारा आणि वायरमधली तांब्याची एकच बारीक तार हलकेच फिरवा. सेफ्टीपिन किंवा सुई मात्र नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मशीन कायमचं पेट्रोल पीत राहतं.

सगळं जोडून झालं की जनरेटर उघड्यावर न्या. कॉक उघडा, चोक लावा, स्विच ऑन. दोर आधी हळू ओढा, अडकल्यासारखा लागला की मग एक जोरकस झटका. सुरू झाला की चोक हळूहळू काढा. चोक काढताच बंद पडतो किंवा आवाज सारखा वर-खाली होतो? म्हणजे जेट अजून पूर्ण साफ नाही. पुन्हा खोला, कंटाळू नका.

दहा मिनिटं तसाच चालू द्या, मग एक बल्ब लावून बघा. इंजिन झकास चालतंय पण बल्ब पेटत नाही, तर आधी त्याचा ब्रेकर पडलाय का बघा. तो ठीक असेल तर बराच काळ पडून राहिल्याने आतलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं किंवा कपॅसिटर, एव्हीआर बिघडलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचं. म्हणून तर म्हटलं, 48 तास आधी.

काय चालेल, काय नाही?

एक केव्हीएचा छोटा जनरेटर साधारण 800 वॅट देतो. त्यावर एलईडी दिवे, एक-दोन पंखे, सगळ्यांचे मोबाइल आणि राउटर आरामात चालतात. फ्रिज चालताना वीज कमी घेतो, पण सुरू होतानाचा झटका कित्येक पट असतो, म्हणून बाकी सगळं बंद करून आधी फ्रिज लावून बघा. एक एचपीचा विहिरीचा पंप म्हणजेच 746 वॅट, त्यात सुरू होतानाचा झटका वेगळा. तो यावर उचलणार नाही. गीझर, इस्त्री तर विसराच. वादळाआधी टाकी भरून ठेवणं जास्त शहाणपणाचं. फ्रिज उघडला नाही तर चारेक तास थंड राहतो, त्यामुळे आजीच्या इन्सुलिनसाठी रात्रभर जनरेटर चालवायची गरज नाही, मधूनमधून चालवला तरी भागतं.

या दोन गोष्टींत जीव जातो

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर दंड दुखला असता. पुढच्या दोन चुकांना दुसरी संधी नाही.

पहिली, जागा. बाहेर धो धो पाऊस, म्हणून जनरेटर पडवीत, ओटीवर, जिन्याखाली चालवला जातो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. घरापासून किमान 20 फूट लांब, धुराचं तोंड दारा-खिडक्यांच्या उलट दिशेला. भर वादळात हे शक्य नसतं, कबूल. मग भर वादळात जनरेटर लावायचाच नाही. ते काही तास बॅटरी आणि मेणबत्तीवर काढा. जनरेटर वादळासाठी नसतोच, तो वादळानंतरच्या दिवसांसाठी असतो.

दुसरी, जोडणी. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर थेट घरातल्या सॉकेटला लावायचा 'जुगाड' गावोगाव दिसतो. अख्खं घर उजळतं, पण ती वीज मीटरमधून उलटी बाहेरही जाते. बाहेर ट्रान्सफॉर्मर उलटा काम करतो आणि तुमच्या 230 व्होल्टचे लाइनवर हजारो व्होल्ट होतात. तिथे खांबावर कोण असतो? तुमच्याच घराची वीज परत यावी म्हणून भर चिखलात चढलेला लाइनमन. त्याच्या लेखी लाइन बंद असते. तेव्हा उपकरणं थेट जनरेटरला एक्स्टेन्शनने लावा, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. घरातले मोठे 'आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो' म्हणतील. इथे ऐकू नका. ती वायर कापून टाका.

आणि वादळ गेल्यावर?

वीज आली की जनरेटर तसाच गोणपाटाखाली सरकवू नका. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मोटारसायकलमध्ये घाला. मग महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून, पंधरा मिनिटं पंखा-दिव्यांच्या लोडवर चालवा.

लक्षात ठेवा

* अलर्ट येताच काम सुरू, वॉर्निंगची वाट नको.
* आधी ऑइल बघा, मग दोर ओढा.
* गरम इंजिनमध्ये पेट्रोल भरू नका. बंद करा, थंड होऊ द्या.
* ओल्या हातांनी प्लग-वायरला हात नको. जनरेटर कोरड्या, उंच जागी.
* घरात नाही, पडवीत नाही. 20 फूट लांब.
* घरच्या सॉकेटला कधीच नाही.

अरबी समुद्रातली वादळं बहुधा मे-जूनमध्ये येतात, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 2009 चं 'फयान' नोव्हेंबरातच आलं होतं. म्हणजे आज आकाश निरभ्र असेल, तर तोच मुहूर्त. येत्या रविवारी गोणपाट काढाच.