डीएसएलआर ठेवावा की मिररलेस घ्यावा? निकॉनच्या दोन कॅमेऱ्यांची तुलना

डिजिटल छायाचित्रणाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मोठे स्थित्यंतर घडले आहे. सुमारे दोन दशके व्यावसायिक छायाचित्रकाराची ओळख असलेला डीएसएलआर कॅमेरा मागे पडला असून त्याची जागा मिररलेस कॅमेऱ्याने घेतली आहे. जगभरात पाठवल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या संख्येत मिररलेसने २०२० मध्ये डीएसएलआरला मागे टाकले. कॅनन आणि निकॉन या दोन प्रमुख जपानी कंपन्यांनी त्या वर्षानंतर एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. पेंटॅक्स ही कंपनी मात्र या प्रकाराशी एकनिष्ठ राहिली आहे.

ज्यांच्याकडे चांगल्या स्थितीतील डीएसएलआर आणि त्याच्या तीन-चार लेन्स आहेत, त्यांच्यापुढे यामुळे खर्चाचा प्रश्न उभा राहतो. लग्नसमारंभाचे छायाचित्रण करून उदरनिर्वाह करणाऱ्या व्यक्तीसाठी कॅमेरा बदलणे हा हौसेचा विषय नसून कर्जाचा आणि हप्त्याचा विषय असतो. म्हणूनच या दोन प्रकारांत नेमका फरक काय, तो छायाचित्रात दिसतो का आणि कोणाच्या कामी येतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

तुलनेसाठी निकॉनचे दोन कॅमेरे सोयीचे आहेत. डी-८५० हा डीएसएलआर ऑगस्ट २०१७ मध्ये सादर झाला, तर झेड-८ हा मिररलेस कॅमेरा मे २०२३ मध्ये. दोन्हींचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असून पिक्सेलची संख्याही सारखीच, म्हणजे ४ कोटी ५७ लाख इतकी आहे. सर्वांत कमी मूळ आयएसओ दोन्हींत ६४ आहे. भारतात डी-८५० आला तेव्हा त्याची किंमत सुमारे २ लाख ५५ हजार रुपये होती. झेड-८ ची सुमारे ३ लाख ४४ हजार रुपये. लेन्सचा खर्च अर्थातच वेगळा. इतक्या गोष्टी समान असल्यामुळे आरसा असण्याने आणि नसण्याने काय घडते, ते या जोडीत स्पष्टपणे पाहता येते.

आरशाचे कार्य

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर परावर्तित होतो आणि पंचकोनी प्रिझममधून वळून डोळ्यापर्यंत पोहोचतो. छायाचित्रकाराला दिसते ते प्रत्यक्ष दृश्य. या मुख्य आरशाच्या मध्यभागातून थोडा प्रकाश आरपार जातो. त्यामागे दडलेला दुसरा लहान आरसा तो खाली, फोकस ठरवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे पाठवतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटरचा पडदा उघडतो, सेन्सरवर प्रकाश पडतो, पडदा मिटतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. डी-८५० मध्ये ही संपूर्ण क्रिया एका सेकंदात सात वेळा घडते. जोड-ग्रिप आणि मोठी बॅटरी लावल्यास नऊ वेळा. यांत्रिक कौशल्याचा हा नमुना आजही थक्क करणारा आहे, यात शंका नाही.

मिररलेसमध्ये यातील काहीही नाही. प्रकाश सतत थेट सेन्सरवर पडत असतो. सेन्सरला जे दिसते तेच व्ह्यूफाइंडरमधील छोट्या पडद्यावर दाखवले जाते आणि फोकस ठरवण्याचे कामही सेन्सरच करतो. झेड-८ मध्ये तर यांत्रिक शटरही नाही. सेन्सर विद्युत-संकेताने चालू-बंद होतो, इतकेच. डी-८५० चे शटर २ लाख वेळांच्या चाचणीतून गेलेले असते. झेड-८ मध्ये झिजणारा तो भागच शिल्लक राहिलेला नाही.

आरसा गेल्यामुळे आणखी एक गोष्ट साध्य झाली. आरशाला हलण्यासाठी जागा हवी म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. नव्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिलिमीटर आहे आणि माउंटचे तोंडही रुंद आहे. लेन्स तयार करणाऱ्या अभियंत्यांना त्यामुळे मोकळीक मिळाली. २४-७० मिलिमीटर एफ/२.८ ही व्यावसायिकांची नित्याची लेन्स घ्या: डीएसएलआरसाठीची, कंपन रोखणारी आवृत्ती १,०७० ग्रॅमची, तर झेड माउंटची २०१९ मधील आवृत्ती ८०५ ग्रॅमची. कॅमेऱ्याच्या वजनातील फरक मात्र जाहिरातींतून वाटतो तेवढा नाही. बॅटरी आणि कार्डासह डी-८५० सुमारे १,००५ ग्रॅम भरतो, झेड-८ सुमारे ९१० ग्रॅम.

छायाचित्राच्या दर्जात फरक किती?

तिपाईवर कॅमेरा ठेवून, एकाच प्रकाशात आणि तोडीस तोड लेन्स लावून सह्याद्रीच्या एखाद्या कड्याचे छायाचित्र दोन्ही कॅमेऱ्यांनी घेतले, तर मोठ्या आकारात छापल्यावरही कोणते छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, हे सांगणे बहुतेकांना शक्य होणार नाही. हे वाक्य कॅमेरा विक्रेत्यांना रुचणार नाही, परंतु वस्तुस्थिती तशी आहे. सेन्सरच्या मूळ दर्जाने २०१७ च्या सुमारास जी उंची गाठली, तिच्यापुढे पूर्ण आकाराच्या सेन्सरमध्ये फार मोठी झेप दिसलेली नाही. निसर्गदृश्ये, स्थापत्य, वस्तूंचे किंवा स्टुडिओतील छायाचित्रण करणाऱ्यांनी केवळ दर्जासाठी डी-८५० विकण्याचे कारण नाही.

फरक पडतो तो विषय हलू लागला की, किंवा छायाचित्रकाराचा हात हलू लागला की.

डी-८५० मध्ये फोकसचे १५३ बिंदू आहेत आणि त्यांपैकी ५५ बिंदू छायाचित्रकाराला स्वतः निवडता येतात. परंतु हे सर्व चौकटीच्या मध्यभागी दाटलेले आहेत. ताडोबा किंवा रणथंबोरच्या जंगलात वाघ चौकटीच्या कडेला ठेवून छायाचित्र घ्यायचे असेल, तर आधी मध्यभागी फोकस करून मग कॅमेरा वळवावा लागतो, किंवा नंतर छायाचित्र कापावे लागते. झेड-८ मध्ये फोकसचे बिंदू जवळजवळ संपूर्ण चौकट व्यापतात. शिवाय कॅमेरा माणसाचा, प्राण्याचा किंवा पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखतो आणि त्याचा पाठलाग करतो. पक्ष्यांसाठीचा स्वतंत्र पर्याय तर विक्रीनंतर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून आधीच्या ग्राहकांनाही मिळाला.

अचूकतेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. डीएसएलआरमध्ये फोकस एका यंत्रणेने ठरतो आणि छायाचित्र दुसऱ्या पृष्ठभागावर उमटते. या दोहोंच्या अंतरात केसभर तफावत राहिली, तरी एफ/१.४ सारख्या मोठ्या छिद्राच्या लेन्सवर डोळ्याऐवजी कानाची पाळी स्पष्ट येते. यासाठी प्रत्येक लेन्सचे सूक्ष्म समायोजन करून ठेवावे लागे. मिररलेसमध्ये मोजणारा आणि टिपणारा सेन्सर एकच असल्याने ही तफावत मुळातच उद्भवत नाही. व्यक्तिचित्रे घेणाऱ्यांना डोळ्यात भरणारी सुधारणा हीच आहे, वेग नव्हे.

हाताच्या कंपनाबाबतही असेच आहे. डी-८५० मध्ये कंपन रोखण्याची सोय केवळ काही लेन्समध्ये असते. झेड-८ मध्ये सेन्सर स्वतःच हलून कंपन भरून काढतो, त्यामुळे जुन्या साध्या लेन्सलाही लाभ मिळतो. अजिंठ्याच्या लेण्यांमध्ये फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. अशा मंद प्रकाशात, कॅमेरा हातात धरून, कमी आयएसओवर स्थिर भित्तिचित्र टिपताना हा फरक छायाचित्रात स्वच्छ दिसतो.

आवाज हा वेगळाच विषय. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलीत आलाप सुरू असताना आरशाचा खटका आसपासच्या श्रोत्यांना जाणवतो. झेड-८ पूर्णतः निःशब्द चालू शकतो. डी-८५० मध्येही निःशब्द छायाचित्रणाची सोय आहे, परंतु ती मागील पडद्यावरून वापरावी लागते. तेथे फोकस मंदावतो आणि हलणाऱ्या वस्तू तिरप्या होतात.

हा तिरपेपणा समजून घेतला पाहिजे, कारण खरेदीतील फसगत बहुधा येथेच होते. यांत्रिक शटर नसताना सेन्सरची माहिती ओळीमागून ओळ वाचली जाते. वाचन संथ असेल, तर वरची ओळ आणि खालची ओळ यांच्या वाचनादरम्यान चेंडू, बॅट किंवा पंख्याचे पाते पुढे सरकलेले असते आणि चित्रात ते वाकडे उमटते. झेड-८ चा सेन्सर थरांवर थर रचून बनवलेला असल्याने हे वाचन अत्यंत जलद होते आणि दोष जवळपास नाहीसा होतो. या प्रकारचा सेन्सर पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यात प्रथम सोनीने २०१७ मध्ये ए-९ द्वारे आणला. कमी किमतीच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत असा सेन्सर नसतो. तेव्हा ‘मिररलेस’ हा शब्द पाहून सर्व गुण त्यात आहेत असे मानणे चुकीचे होईल.

डीएसएलआरची जमेची बाजू

बॅटरीच्या बाबतीत जुना कॅमेरा निर्विवाद सरस आहे. प्रमाणित चाचणीनुसार डी-८५० एका बॅटरीवर १,८४० छायाचित्रे घेतो, झेड-८ सुमारे ३४०. प्रत्यक्ष वापरात, विशेषतः सलग वेगाने छायाचित्रे घेताना, झेड-८ चा आकडा बराच वाढतो. परंतु नुसते दृश्य न्याहाळत बसले तरी त्याची बॅटरी खर्च होत राहते, कारण सेन्सर आणि पडदा दोन्ही जागे असतात. पाणवठ्यावर तासन्‌तास प्रतीक्षा करणाऱ्याला किंवा लडाखच्या थंडीत भटकणाऱ्याला खिशात तीन-चार बॅटऱ्या बाळगाव्या लागतात. डी-८५० ची ईएन-ईएल१५ए बॅटरी झेड-८ मध्येही चालते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

व्ह्यूफाइंडरबाबत मतभेद आहेत आणि ते राहतील. इलेक्ट्रॉनिक पडद्यावर छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. नवशिक्याला याहून चांगला शिक्षक नाही. पण प्रिझममधून दिसणारे दृश्य खरेखुरे, विनाविलंब असते आणि डोळ्यांना थकवत नाही. अनेक वर्षे त्यातून पाहिलेल्या माणसाला पडद्यावरील प्रतिमा, ती कितीही स्वच्छ असो, दूरचित्रवाणीसारखी वाटते. ही तक्रार केवळ सवयीची म्हणून उडवून लावता येत नाही.

लग्नमंडपातील एलईडी दिव्यांचाही उल्लेख करायला हवा. हे दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर त्यांचे आडवे पट्टे उमटू शकतात. झेड-८ मध्ये शटरचा वेग अगदी बारीक फरकाने जुळवून पट्टे घालवण्याची सोय आहे. ती वापरायला शिकावे लागते. फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेगही डी-८५० मध्ये सेकंदाचा २५०वा भाग, तर झेड-८ मध्ये सामान्यतः २००वा भाग आहे.

जुन्या लेन्सचे काय?

बदलाचा खरा खर्च येथे ठरतो. एफ माउंटच्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर लावण्यासाठी निकॉनचा एफटीझेड हा जोड मिळतो. त्याची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये आली. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी वर्गातील, त्यांचा स्वयंचलित फोकस जोड लावूनही चालतो. ५०० मिलिमीटर एफ/५.६ ही १,४६० ग्रॅमची, वन्यजीव छायाचित्रकारांची आवडती लेन्स याच वर्गातील आहे; ती विकण्याची घाई करू नये.

परंतु आपल्याकडे अनेकांच्या पिशवीत ५० मिलिमीटर एफ/१.८ डी सारख्या जुन्या, स्वस्त आणि उत्तम लेन्स आहेत. त्यांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटर एका लहान दांड्याने फिरवते. ही मोटर डी-८५० मध्ये आहे. झेड-८ मध्ये नाही आणि एफटीझेड जोडातही नाही. अशा लेन्सवर फोकस हातानेच करावा लागेल. कॅमेरा ठरवण्यापूर्वी आपल्या लेन्सवरील अक्षरे वाचावीत, ती यासाठी.

संगणकाचा खर्चही हिशेबात धरायला हवा. सेकंदाला २० रॉ छायाचित्रे घेणारा कॅमेरा एका सकाळच्या सफारीत काही हजार फाइली सहज देतो. त्यांसाठी जलद सीएफएक्स्प्रेस कार्ड हवे, साठवण्यास जागा हवी आणि निवडण्यास संध्याकाळ हवी.

या सर्वांचा विचार करता पक्षी, प्राणी, क्रीडा, लग्नसमारंभ किंवा चलचित्रण हेच मुख्य काम असणाऱ्यांना नव्या कॅमेऱ्याचा खर्च वसूल होण्याची शक्यता अधिक. इतरांसाठी उलट परिस्थिती आहे. मिररलेसकडे वळलेल्यांनी विकलेले डीएसएलआर मुंबईतील बोरा बझार किंवा दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरी येथे वापरलेल्या स्थितीत मिळू शकतात, आणि मर्यादित रकमेत उत्तम दर्जाचा कॅमेरा मिळवण्याचा हाच मार्ग आहे.

असा कॅमेरा घेताना शटर किती वेळा चालले आहे, तो आकडा छायाचित्राच्या फाइलमधील माहितीतून तपासावा. पांढऱ्या भिंतीचे एफ/१६ वर छायाचित्र घेतल्यास सेन्सरवरील धूळ आणि डाग उघड होतात. लेन्स काढून आरशाच्या पेटीत बुरशी वा गंज नाही ना, हेही पाहावे. कोकण, गोवा, केरळसारख्या दमट प्रदेशातून आलेल्या कॅमेऱ्यांत ती शक्यता अधिक असते. वापरलेला झेड-८ घेणाऱ्यांनी त्याचा क्रमांकही पडताळावा, कारण २०२३ मध्ये कंपनीने काही ठराविक क्रमांकांच्या कॅमेऱ्यांसाठी पट्ट्याच्या कड्या आणि लेन्सची बैठक यांची मोफत दुरुस्ती जाहीर केली होती.