तोरणमाळची सहल आखताना

ज्वालामुखीच्या बेटावर सुट्टी घालवायची म्हटली की मॉरिशस किंवा रियुनियनचं नाव निघतं. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग पृथ्वीच्या पोटातल्या त्याच तप्त स्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता आणि तेव्हा दख्खनचा काळा कातळ ओतला गेला. आता ते बेट नंदुरबारपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर आहे. त्याच आगीचा दगड मात्र आपल्या सातपुड्यात आहे. तोरणमाळची सहल या दगडाकडे बघत आखावी.

सुरत–भुसावळ मार्गावरचं नंदुरबार स्थानक, तिथून प्रकाशाजवळ तापी ओलांडून शहादा, मग म्हसावद, राणीपूर आणि घाट. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा; वर मोबाइलवर विसंबू नका. घाट उजेडातच चढायचा. वळणं अवघड आहेत हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण असं, की हा सातपायरी घाट म्हणजे उघडं पडलेलं पुस्तक आहे. इथे लाव्हा एका शंकूतून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवला की काही काळाने त्यावर दुसरा. थराचा घट्ट भाग झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर कुजतो, त्याचा उतार होतो. डोंगराला पायऱ्या पडतात त्या अशा. दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून जरूर पाहा. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची ती माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली.

माथा सुमारे 1150 मीटर उंच. यशवंत तलाव पाहून हे ज्वालामुखीचं मुख असावं असं अनेकांना वाटतं, तसं नाही. पठारावरच्या खोलगट जागेत हे पाणी साठलं आहे. ज्वालामुखीची रचना पाहायची तर सीताखाईच्या काठावर जा. समोरच्या भिंतीत थरांवर थर मोजता येतात. पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो, पण धुकं दरी झाकून टाकतं आणि घाटात दरड येण्याची भीती असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: धबधब्यासाठी पावसाळा, दगडासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत रात्री स्वेटरवर भागत नाही, घोंगडी किंवा जाड पांघरूण हवंच. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. तेव्हा मुक्कामाची जागा फार आधी ठरवावी, नाहीतर ते दिवस टाळावेत.

दोन रात्री तरी राहा. एक दिवस तलाव, सीताखाई आणि खडकी पॉइंटसाठी, दुसरा पायी भटकण्यासाठी, तोही स्थानिक वाटाड्या घेऊन. आजूबाजूला पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. अंगणात शिरण्याआधी हाक द्यावी, फोटो विचारल्याशिवाय काढू नये, प्लास्टिक परत खाली आणावं.

परतीला अर्धा दिवस मोकळा ठेवा. नंदुरबार आणि धुळ्याच्या दरम्यान सपाट शेतांतून अचानक सरळ, भिंतीसारख्या काळ्या टेकड्या निघतात. बऱ्याचशा पूर्व–पश्चिम धावतात. भेगांमधून वर येताना आतच थिजलेला हा लाव्हा. बाजूचा खडक झिजून गेला, ही भिंत तेवढी उरली. अशा दोनशेहून अधिक भिंती अभ्यासकांनी नकाशावर मांडल्या आहेत आणि सर्वांत लांब भिंत सत्तर किलोमीटरहून मोठी आहे. संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर दुपारीच हे पाहून घ्या.