तीन हजार वर्षांपूर्वीची टंचाई आणि लेकरांची हाडे

दुष्काळ म्हटले की आपल्या नगर जिल्ह्यातील जुन्या माणसांना १९७२ साल आठवते. परंतु प्रवरेच्या खोऱ्यात माणसाला टंचाईशी झगडावे लागले ते हजारो वर्षांपासून. राजेरजवाड्यांचा इतिहास हे सांगत नाही. मातीखालची घरे, रांजण आणि हाडे सांगतात.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथील काळ्या नक्षीच्या तांबड्या मडक्यांवरून त्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हेच नाव पडले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे या लोकांचे मोठे गाव. ते जव, गहू, मसूर पिकवीत, गुरे पाळीत. इ.स.पू. १००० च्या सुमारास मात्र दायमाबाद ओस पडले.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे हीच वस्ती पुढे सुमारे तीनशे वर्षे तग धरून राहिली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती जागा खणली. आधीच्या काळात तेथे ऐसपैस चौकोनी घरे होती, पाण्याचा पाट होता. धान्याचे कोठार होते, तेही पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी! नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. पाऊसमान कमी झाल्याने हे घडले, असे डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले.

म्हणजे माणसे परिस्थितीशी जुळवून घेऊन जगली. पण कोणत्या किमतीवर? ते लोक मेलेली मुले दोन रांजणांची तोंडे जुळवून घरातच पुरीत. या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली ग्रंथ लिहिला. हवामान एकाएकी कोरडे झाले, हे त्यांना मान्य नाही. परंतु उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटली होती, हे त्यांनी दाखविले.

कारणाबद्दल विद्वानांत मतभेद असोत. झळ कोणाला बसली याबद्दल हाडे स्पष्ट बोलतात. गाव टिकले, लेकरे खंगली.

बंधू-भगिनींनो, टंचाईच्या वर्षी आपण टँकर मोजतो, चारा मोजतो. त्याच वेळी अंगणवाडीत जाऊन मुलांची वजने किती भरली, हेही विचारू या. गाव दुष्काळातून तरले की नाही, याचा खरा हिशेब तेथेच लागतो, असे आम्हांस वाटते.