तेच दुःख, पुन्हा पुन्हा

कथेत एखादी गोष्ट पुन्हा आली की कंटाळा यावा, असा साधा समज. पण बाईच्या संसारातली अगतिकता सांगायची तर पुनरावृत्तीइतकं धारदार साधन क्वचितच सापडतं. घटना बदलतात, माणसं बदलतात, शेवट मात्र बदलत नाही. बाहेर पडायला वाट नाही हे वाचकाला कुणी न सांगताच कळतं.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. यमू स्वतःची कहाणी सांगते. तिची आई बापाच्या धाकाखाली पिचते. मैत्रीण दुर्गी नवऱ्याचा छळ सोसते. यमूला चांगला नवरा लाभतो, थोडं सुख मिळतं. तो जातो आणि सासरी तिचं केशवपन जबरदस्तीने होतं. माझ्या मते कादंबरीचं खरं बळ इथे आहे. एकटी दुर्गी असती तर आपण तिच्या नवऱ्याला दोष देऊन मोकळे झालो असतो. तीन घरांत तेच घडलं की दोष रूढीचा आहे हे नाकारता येत नाही. यमूचा नवरा भला असूनही ती सुटत नाही, हे तर सर्वांत भेदक.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधात हाच संताप थेट मांडला होता. वाचकांनी ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत. आधी ताराबाई, मग यमू.