संगणक आला, पण काम कोणी बदलायचे?

ज्यांचे बचत खाते २०१० सालापूर्वीचे आहे, त्यांना महिन्याच्या दहा तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ‘पैसे दहाच्या आत भरा आणि महिना संपेपर्यंत हात लावू नका’, असा सल्ला घरोघरी वडीलधारी मंडळी देत. त्या काळी बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकेवर मिळत नसे. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाई. समजा, खात्यात ५०,००० रुपये आहेत आणि तीस दिवसांच्या महिन्यात २८ तारखेला मुलाच्या फीसाठी ४५,००० काढले. सत्तावीस दिवस सगळी रक्कम बँकेने वापरली, पण व्याज उरलेल्या ५,००० वर. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने ते होते साधारण साडेचौदा रुपये. रोजच्या शिलकेवर हिशेब केला असता तर १३१ रुपयांच्या आसपास झाले असते.

यात बँकांची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. जाडजूड लेजरांवर हाताने नोंदी होत, एकेका शाखेत हजारो खाती असत. प्रत्येक खात्याचे रोजचे व्याज काढायचे ठरवले असते तर कारकुनांना दुसरे काही करताच आले नसते. महिन्याला एक आकडा पकडायचा, ही तेव्हाची व्यवहार्य तडजोड होती. गंमत पुढे आहे. शाखांत संगणक आले, लेजरे माळ्यावर गेली, आणि दहा तारीख मात्र जिथल्या तिथे राहिली. क्षणात लाख गुणाकार करणाऱ्या यंत्राला आपण हाताने हिशेब करणाऱ्याची अडचण काळजीपूर्वक शिकवून ठेवली! अखेर एप्रिल २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, शाखांचे संगणकीकरण आता समाधानकारक झाले आहे, सबब १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकेवर द्यावे. त्या दिवशी नवे यंत्र आले नव्हते. नियम बदलला होता.

धंदा आणि संगणक यांची सांगड हा विषय व्यवस्थापनाच्या वर्गात मोठ्या थाटात शिकवला जातो. हेंडरसन आणि वेंकटरामन या दोन प्राध्यापकांचा १९९३ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात आलेला लेख त्यासाठी हमखास पुढे केला जातो. त्यातल्या चौकटी आणि बाण बाजूला ठेवले तर प्रश्न घरगुती आहे. नवीन मिक्सर आणला म्हणून स्वयंपाक बदलत नाही. काय रांधायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. मोठ्या कंपनीत हे ठरवणारे एका मजल्यावर आणि मिक्सर चालवणारे दुसऱ्या मजल्यावर बसतात, एवढाच फरक.

मी स्वतः पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या ईडीपी विभागात बरीच वर्षे काढली. ईडीपी म्हणजे आजच्या ‘आयटी’ची आजी. संगणकाची खोली कारखान्यातली सगळ्यात थंडगार खोली. चपला बाहेर काढून आत जायचे, देवघरात जावे तसे. महिनाअखेरीस तिथून रुंद, पट्ट्यापट्ट्यांच्या कागदांचे गठ्ठे निघत आणि हातगाडीवरून सगळ्या विभागांना वाटले जात. स्टोअर्सचा गठ्ठा मी अनेकदा नंतर पाहिला आहे. त्यावर चहाचे कप ठेवलेले असत. तिथले वयस्कर स्टोअरकीपर आपल्या खिशातल्या डायरीवर आणि रॅकला टांगलेल्या बिन कार्डांवर विश्वास ठेवत. संगणकाच्या कागदावर बेअरिंगचे ४०० नग, डायरीत २५० आणि रॅकवर मोजायला जावे तर २५०च!

संगणक खोटे बोलत होता का? मुळीच नाही. तो प्रोग्रॅम मी नोकरीला लागण्यापूर्वीच लिहिला गेला होता, आणि तो लिहून घेतला होता अकाउंट्स विभागाने. त्यांना महिन्याच्या शेवटी साठ्याची एकूण किंमत हवी होती. त्यामुळे माल दिल्याच्या चिठ्ठ्या महिनाभर फाइलला लागत आणि अखेरच्या दोन दिवसांत एकदम पंच होत. वीस तारखेला संगणक जे सांगे, ते गेल्या महिनाअखेरचे सत्य असे. अकाउंट्सच्या दृष्टीने उत्तम. पण लाइन बंद पडू नये म्हणून आज दुपारी किती बेअरिंगे हाताशी आहेत, हा स्टोअर्सचा प्रश्न त्या यंत्राला कोणी कधी विचारलाच नव्हता. यावर मोठमोठ्या बैठका झाल्या, नवा संगणक घ्यावा असाही प्रस्ताव आला. उपाय शेवटी निघाला तो असा की, पंचिंगचे एक टेबल आणि एक मुलगी ईडीपीतून उचलून स्टोअर्समध्ये बसवली. त्या मुलीचा पगार कोणत्या विभागाच्या खर्चात धरायचा, या वादात आठ महिने गेले. प्रोग्रॅममधला बदल चार दिवसांचा होता.

बँकांची गोष्ट हीच, फक्त देशाच्या मापाची. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचे एक अहवाल १९८४ मध्ये आणि दुसरा १९८९ मध्ये आला. शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. नोव्हेंबर १९९८ मध्ये तर केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना फर्मान काढले की, १ जानेवारी २००१ पूर्वी सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणा. हेतू भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा होता आणि त्याने बँका हलल्या हे मान्यच केले पाहिजे. पण लक्ष्य होते ‘इतके टक्के व्यवसाय’. ते गाठण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्या शाखा निवडून तिथे संगणक बसवणे. एकेक शाखा म्हणजे एकेक बेट झाले. दादरच्या शाखेत संगणक, नाशिकच्या शाखेत संगणक, आणि दादरच्या खातेदाराला नाशिकला पैसे हवे असतील तर पुन्हा ड्राफ्टच काढा!

कारण बेटे जोडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते, आणि तो प्रश्न संगणकाचा नव्हता. खाते शाखेचे की बँकेचे? पिढ्यान्‌पिढ्या खाते शाखेचे होते. एकच खाते क्रमांक दादरलाही असे आणि नाशिकलाही. सहीचे कार्ड शाखेच्या कपाटात. ठेवी किती वाढल्या यावर शाखाधिकाऱ्याची पत ठरे. आता दादरचा खातेदार नाशिकला पैसे काढणार असेल, तर काम नाशिकच्या कारकुनाने करायचे आणि ठेव दादरच्या नावावर राहायची, हे कसे? संगणकीकरण रखडले याचे खापर आपल्याकडे सरसकट कर्मचारी संघटनांवर फुटते. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती होती आणि ती त्यांनी उघडपणे मांडली, करारात लिहून घेतली. साहेब लोकांची भीती मात्र कुठल्याच करारात आली नाही. लेजर गेले की शाखेवरची सत्ताही जाते, हे त्यांना पुरते ठाऊक होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टेट बँकेने शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाचा निकाल लावला. खाते बँकेचे. शाखा ही फक्त खातेदाराला भेटण्याची जागा. मग टाटा कन्सल्टन्सीच्या मदतीने कोअर बँकिंगचे काम सुरू झाले आणि २००८ पर्यंत सगळ्या शाखा एका मध्यवर्ती यंत्रणेला जोडल्या गेल्या. खातेदारांना नवे, लांबलचक खाते क्रमांक मिळाले. ते कोणालाच पाठ होईनात म्हणून आपण कुरकुरलो, पण त्या लांबलचक आकड्यातच मोठा निर्णय दडलेला होता.

निर्णय न घेण्याची किंमत काय होते, याचे ढळढळीत उदाहरण जर्मनीत आहे. लिडल ही तिथली स्वस्त किराणा दुकानांची प्रचंड साखळी. २०११ च्या सुमारास तिने सॅप या जर्मन कंपनीचीच संगणकप्रणाली बसवायला घेतली. अडचण आली एका साध्या सवयीची. दुकानात पडून असलेल्या मालाची किंमत कोणती धरायची? लिडल खरेदीची किंमत धरत आली होती. प्रणालीची घडण विक्रीच्या किमतीवर होती. कोपऱ्यावरच्या वाण्यालाही समजेल असा हा फरक. कंपनीने सवय सोडली नाही, उलट प्रणालीच आपल्या मापाने कापून शिवून घ्यायला सुरुवात केली. एक बाही लहान केली की दुसरी ओढू लागते. सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून, २०१८ च्या उन्हाळ्यात लिडलने तो नाद सोडला आणि आपली जुनी प्रणालीच पुढे चालवायचे ठरवले. लिडल चुकली की प्रणाली चुकली, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. विक्रीची की खरेदीची, हे मालकांनी पहिल्या महिन्यात बसून ठरवायला हवे होते.

लिडलसारख्या धनाढ्य कंपनीचे पैसे गेले, त्याचे आपल्याला फारसे दुःख होण्याचे कारण नाही. पण हे न घेतलेले निर्णय खाली घरंगळत काउंटरपर्यंत येतात, तेव्हा मात्र त्यांचा भार तुमच्या-माझ्यावर पडतो. माझ्या मावशीचे कुटुंब-निवृत्तिवेतन एकदा तीन महिने अडले. एका कागदावर तिचे आडनाव आधी होते, दुसऱ्यावर शेवटी. दोन्ही पद्धती महाराष्ट्रात सर्रास चालतात. आडनाव पुढे-मागे झाले तर माणूस तोच धरायचा की नाही, हे ठरवणे हा कार्यालयाचा कारभार. तो कोणीच ठरवला नव्हता, म्हणून संगणकाने अक्षराला अक्षर ताडून पाहिले आणि नाही म्हटले. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. मावशीला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाला, “आजी, मी काय करू? सिस्टीम घेत नाहीये.” प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि चार हेलपाटे झाल्यावर ‘सिस्टीम’ने तिला ओळखले.

मावशीचे तीन महिन्यांवर भागले. ब्रिटनमध्ये पोस्टाच्या माणसांचे तसे भागले नाही. तिथल्या पोस्ट ऑफिसची ‘होरायझन’ ही प्रणाली मुळात वेगळ्याच कामासाठी होती. सरकारी भत्ते टपाल कार्यालयांतून कार्डावर द्यायचे, म्हणून १९९६ मध्ये आयसीएल या संगणक कंपनीला कंत्राट दिले गेले. मे १९९९ मध्ये भत्त्यांच्या कार्डाची योजनाच रद्द झाली. उरलेले यंत्र फुकट कसे घालवायचे? ते हजारो टपाल कार्यालयांच्या हिशेबाला जुंपले गेले. ही कार्यालये चालवणारे सब-पोस्टमास्तर बहुतेक साधे दुकानदार, त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ. करारानुसार तूट आली तर त्यांनी ती खिशातून भरायची. होरायझन तूट दाखवू लागले. पैसे गल्ल्यातून गेलेलेच नव्हते, प्रोग्रॅममध्ये दोष होते. पण पोस्टाच्या साहेबांना यंत्र कळत नव्हते आणि यंत्रवाल्यांना टपाल कार्यालयाचा गल्ला. दोघांच्या मधल्या पोकळीत जो उभा होता, तो चोर ठरला.

१९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांचा तुरुंगवास सुनावला गेला, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्यांच्या मुलाचा त्या दिवशी दहावा वाढदिवस होता. त्यांची शिक्षा रद्द झाली ती एप्रिल २०२१ मध्ये. ॲलन बेट्स या सब-पोस्टमास्तराने सहकाऱ्यांना गोळा करून लढवलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा पुसल्या. तोवर त्यांतले अनेक जण हे जग सोडून गेले होते.